यंत्राची साक्ष

गावात चोरी झाली की हल्ली पहिली चौकशी होते ती कॅमेऱ्याची. समोरच्या दुकानाला कॅमेरा आहे का, त्याचे चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर कोणाच्या ताब्यात असतो, फुटेज किती दिवस राहते, हे प्रश्न पंच गोळा होण्याआधीच विचारले जातात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा असे प्रश्न कोणाच्या तोंडी नव्हते. आज वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही तालुक्यांत इंटरनेटला जोडलेली लहानमोठी यंत्रे मुकाट्याने नोंदी करत बसलेली आहेत. बाजारपेठेत कॅमेरे आहेत, शेतातल्या सौर पंपाला दुरून देखरेख करणारे सिमकार्ड आहे, घराबाहेर नवे वीजमीटर लागते आहे, प्रवासी बसमध्ये जीपीएस आहे, समृद्धी महामार्गाच्या टोलवर फास्टॅग वाचला जातो आणि विहिरीवरची मोटर मोबाइल स्टार्टरने घरबसल्या चालू होते. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या जवळ, आणि त्यातले शंभरांतले १८ जणही शहरात राहणारे नव्हते. म्हणजे इथली ही यंत्रे मोठ्या कचेऱ्यांच्या थंड खोल्यांत नाहीत. ती खांबावर, भिंतीवर आणि बांधावर आहेत. या यंत्रांची सुरक्षा आणि त्यांच्या नोंदींची न्यायवैद्यक तपासणी हा मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांचा विषय मानण्याची आपली सवय म्हणूनच चुकीची आहे.

सुरक्षा आणि न्यायवैद्यक या दोन शाखा अभ्यासक्रमात वेगवेगळ्या शिकवल्या जातात. पहिली शाखा घटना घडू नये म्हणून राबते, दुसरी घटना घडून गेल्यावर हाती काय उरले ते पाहते. पहिलीत पासवर्ड, कूटलेखन, अद्ययावत सॉफ्टवेअर यांची चर्चा असते. दुसरीत जप्ती, प्रत, हॅश मूल्य, अहवाल यांची. ही विभागणी शिकवायला सोयीची आहे, पण घराबाहेर आणि शेतात लागलेल्या यंत्रांच्या बाबतीत ती टिकत नाही. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. ज्या यंत्रात कोणीही शिरू शकतो, त्या यंत्राची साक्ष कोणीही खोडू शकतो. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललेला नसेल तर त्याचे चित्र बाहेर फुटण्याचा धोका आहेच. पण त्याहून पुढची गोष्ट अशी की त्याच कॅमेऱ्याचे फुटेज उद्या न्यायालयात आले, तर बचाव पक्षाचा वकील एकाच प्रश्नात त्याची किंमत कमी करू शकतो. या यंत्रात आणखी कोणाकोणाला जाता येत होते, एवढेच त्याला विचारायचे असते. तपास ज्या दिवशी सुरू होतो असे आपण समजतो, त्याच्या कितीतरी आधी, यंत्र विकत घेतले आणि बसवले त्या दिवशीच त्या तपासाचे बरेचसे भवितव्य ठरून गेलेले असते.

हे समजण्यासाठी यंत्राच्या पोटात काय असते ते पाहावे लागेल. कॅमेरा, राउटर किंवा पंपाचा नियंत्रक हा एक छोटा संगणकच असतो. त्याला प्रोसेसर असतो, थोडी स्मृती असते आणि फर्मवेअर नावाचे मूळ सॉफ्टवेअर असते. फरक इतकाच की त्याला पडदा नसतो, त्यामुळे आत काय चालले आहे ते मालकाला दिसत नाही. आणि एकदा बसवल्यावर तो दहा-दहा वर्षे कोणी उघडून पाहत नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने नेमका याचाच फायदा घेतला. कारखान्यातून येणारी साठेक वापरनावे आणि पासवर्ड यांची यादी घेऊन तो जगभरच्या कॅमेऱ्यांची, डीव्हीआरची आणि राउटरची दारे ठोठावत गेला, आणि लाखो दारे उघडली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी बडी संकेतस्थळे काही तास अडखळली. मिराई तयार करणारे तीन तरुण होते. त्यांनी २०१७च्या डिसेंबरात गुन्हा कबूल केला. तपासाच्या दृष्टीने या प्रोग्रामचा एक गुण फार बोलका आहे. तो यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहत असे. यंत्र बंद करून चालू केले की तो पुसला जाई, आणि पासवर्ड तोच असल्यामुळे काही वेळाने पुन्हा शिरे. जिथे दिवसातून अनेकदा वीज जाते, तिथे याचा अर्थ असा की यंत्र पछाडले गेल्याचा पुरावा प्रत्येक वीजखंडनात वाहून जातो आणि यंत्र मात्र पुन्हा पछाडले जाते. चौकशीला आलेल्या माणसाने आधी प्लग काढला, तर उरलासुरला मागही त्याच्याच हाताने मिटतो.

शिरकाव झाल्याचे परिणाम दोन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे आतले बाहेर जाणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्री रुग्णांच्या तपासणीची कॅमेऱ्यातली दृश्ये समाजमाध्यमांवर विकली जात असल्याचे उघड झाले. अहमदाबाद पोलिसांचा तपास लातूर आणि सांगलीपर्यंत पोचला आणि तिथून संशयितांना अटक झाली. दृश्ये गुजरातची आणि आरोप असलेले हात महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांमधले. या गुन्ह्यांना अंतर लागत नाही, एवढे त्यावरून दिसते. दुसरा परिणाम म्हणजे बाहेरचे आत जाणे, आणि त्याकडे आपले लक्ष कमी आहे. एल्गार परिषद खटल्यातील एका आरोपीच्या लॅपटॉपविषयी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने २०२१च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. घातक प्रोग्रामच्या साहाय्याने त्या लॅपटॉपमध्ये कागदपत्रे बाहेरून ठेवली गेली, असे त्यात म्हटले होते. तपास यंत्रणेने तो दावा मान्य केला नाही, आणि त्यावर निकाल देणे हे न्यायालयाचे काम आहे. पण ज्या यंत्रात बाहेरून शिरकाव झाल्याचा दावा होतो, त्यातून मिळालेल्या नोंदीबद्दल केवढा वाद उभा राहू शकतो, हे त्या खटल्याने महाराष्ट्राला दाखवले. लॅपटॉपबाबत जे खरे, ते डीव्हीआरबाबत अधिकच खरे. कारण लॅपटॉपमध्ये निदान कोण कधी आले याच्या पुष्कळ खुणा राहतात, स्वस्तातल्या डीव्हीआरमध्ये त्या नावालाच असतात.

यंत्राची नोंद पुरावा म्हणून कशी उभी राहते, याचा देशभर दाखला दिला जाणारा खटला वाशिमपासून फार दूरचा नाही. तो जालन्याचा आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर जालन्यातून २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीननंतर, म्हणजे मुदत टळून गेल्यावर, उमेदवारी अर्ज स्वीकारला गेला असा आक्षेप होता. आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत केलेले व्हिडिओ चित्रीकरण हा त्याचा मुख्य आधार होता. चित्रीकरणाच्या प्रती मिळाल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब नुसार लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम ठेवला आणि नियम पक्का करून दिला. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले असेल तर गोष्ट वेगळी. पण प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र हवेच. ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले आणि तरीही ज्याला ते नाकारले गेले, त्याला मात्र अशक्य गोष्टीसाठी अडवून धरता येणार नाही. निकाल लागला तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती. चित्रीकरणाच्या प्रती हाती असताना हा वाद सहा वर्षे चालला, आणि त्याचा मोठा भाग चित्रात काय आहे यापेक्षा त्या चित्राची हमी कोण देणार, यावर खर्च झाला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ही हमी आणखी काटेकोर केली. कलम ६३ नुसार द्यायच्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत. पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात आहे किंवा जो नोंद सादर करतो त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत नोंदीचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे गणिती सूत्राने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल एका मिनिटाची असो की एका महिन्याची, ठसा ६४ चिन्हांचाच येतो. आणि फाइलमधला एक बिंदू बदलला तरी तो पूर्ण वेगळा निघतो. जप्तीच्या वेळी काढलेला आणि सुनावणीच्या वेळी काढलेला ठसा जुळला, तर मधल्या काळात फाइलला कोणी हात लावलेला नाही असे खात्रीने म्हणता येते. कायद्यातल्या नमुन्यात एसएचए-२५६च्या बरोबरीने एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतीही आहेत. या दोन्ही पद्धतींत दोन वेगळ्या फाइलींचा ठसा एकच आणता येतो, हे अनुक्रमे २००४ आणि २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलेले आहे. त्यामुळे निवड करायचीच तर एसएचए-२५६चीच करावी. याउलट डीव्हीआरच्या पडद्यासमोर मोबाइल धरून केलेले चित्रीकरण ही प्रतीची प्रत असते. व्हॉट्सॲपवरून फिरताना ती आणखी दाबली जाते आणि मूळ फाइलमधली वेळेची माहिती तिच्यात उरत नाही. गुन्हेगाराचा माग काढायला अशी क्लिप उपयोगी पडेल. न्यायालयात तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवता येणार नाही.

ठशाइतकेच महत्त्व घड्याळाला आहे. यंत्राची बहुतेक साक्ष ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर असते. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या याच रस्त्याने ती बस पुढे गेली होती. महामार्गावर चढल्याची वेळ आणि अपघाताची वेळ यांमधल्या अंतरावरून परिवहन अधिकाऱ्यांनी बसचा सरासरी वेग काढला आणि अतिवेगाचे कारण बाजूला ठेवले. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवते. टोलवरची एक छोटी नोंद एका मोठ्या तर्काला आधार देऊ शकते; पण सरासरी वेग म्हणजे त्या क्षणाचा वेग नव्हे, आणि दोन टोकांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असतील तरच त्या भागाकाराला अर्थ आहे. बसमधल्या जीपीएस यंत्राला वेळ उपग्रहाकडून मिळते, म्हणून ती सहसा अचूक असते. दुकानातल्या डीव्हीआरला मात्र कॅमेरा बसवणाऱ्या मुलाने स्वतःच्या मोबाइलमध्ये पाहून वेळ दिलेली असते. पुढे ते घड्याळ हळूहळू सरकते, आतली बॅटरी संपली की एखाद्या वीजखंडनानंतर थेट कारखान्यातल्या तारखेवर जाऊन बसते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवायला, नोंदी १८० दिवस जपायला आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितले आहे. कळवायच्या घटनांच्या यादीत इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांवरचे हल्लेही आहेत. लहान दुकानदार हे निर्देश वाचायला जाणार नाही, पण त्यातली समज त्यालाही लागू आहे. जप्तीच्या पंचनाम्यात ‘डीव्हीआरची वेळ अमुक, खरी वेळ तमुक’ हे एक वाक्य असले, तर पुढचे कित्येक वाद मिटतात.

वाशिमला पुराव्याची ही शिस्त मुळीच परकी नाही. वत्सगुल्म या नावाने हे गाव वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, आणि त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशिमला मिळाला. वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी असे लेख वाचताना मजकुरावर लगेच विश्वास ठेवला नाही. लिपी त्या काळाची आहे का, भाषा राजाच्या इतर लेखांशी जुळते का, पट सापडला कुठे आणि कोणाच्या हातून आला, हे त्यांनी आधी तपासले. कारण जमिनीच्या लोभाने बनावट ताम्रपटही कोरले जात. डिजिटल नोंदीची तपासणी याच वळणाने जाते. कोणत्या यंत्रातून आली, कोणी काढली, कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेली, प्रत्येक टप्प्यावर सही आणि वेळ आहे का, ही ताब्याची साखळी तुटली की मजकूर कितीही स्पष्ट असला तरी तो लंगडा पडतो. फरक आहे तो टिकण्याचा. तांबे दीड हजार वर्षे टिकले. डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रावर नवे चित्र चढते, आणि कॅमेरे जास्त, डिस्क लहान असली तर हे काही दिवसांतच घडते. तक्रार द्यायला पंधरवडा लावणारा माणूस म्हणूनच अनेकदा कोऱ्या डिस्कसमोर उभा राहतो.

आतापर्यंत गुन्ह्यांविषयी बोललो. पण वाशिमच्या सामान्य माणसाला या नोंदींची गरज पोलीस ठाण्याबाहेर अधिक वेळा पडणार आहे. पीएम-कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांतल्या पंपांना दूरस्थ देखरेखीचे यंत्र असते. पंप किती तास चालला, किती वीज तयार झाली, कधी बंद पडला, हे सिमकार्डवरून सर्व्हरला कळते. पुरवठादाराकडे देखभालीची जबाबदारी पाच वर्षांची असते. पंप बंद होता असे शेतकरी म्हणतो आणि चालू होता असे कंपनी म्हणते, तेव्हा निवाडा याच नोंदीवर व्हायला हवा. वीजमीटरचेही तेच. नवे मीटर युनिट मोजते, शिवाय झाकण उघडले, चुंबक जवळ आणले, पुरवठा खंडित झाला अशा घटना वेळेसह लिहून ठेवते. दिवसाच्या ठरावीक तासांत वापरलेल्या विजेला सवलत द्यायची तर मीटरचे घड्याळ हाच बिलाचा पाया ठरतो. न्यायालयातला वीजचोरीचा आरोप असो की ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचासमोरची जादा बिलाची तक्रार, उद्या जो कागद पुढे येईल तो मीटरच्या पोटातून निघालेला असेल. इथे सत्तेचा तोल पाहायला हवा. यंत्र ग्राहकाच्या भिंतीवर आहे, पण नोंद कंपनीच्या सर्व्हरवर आहे. ती मूळ स्वरूपात, हॅश मूल्यासह मागायला हवी हे ग्राहकाला ठाऊक नसेल, तर यंत्र एकाच बाजूचा साक्षीदार होऊन बसते.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे. वाशिम हा नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित ठरवलेल्या जिल्ह्यांपैकी एक. सोयाबीनचा भाव, सिंचन, आरोग्य यांचे प्रश्न उभे असताना पासवर्डची चिंता ही चैन नाही का? प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. यंत्रे अजून आलेली नाहीत आणि ती आणायची की नाही हे आपल्याला ठरवायचे आहे, असे त्यात धरलेले दिसते. प्रत्यक्षात ती सरकारी योजनांतून, अनुदानातून आणि सक्तीने आलेली आहेत. पंप अनुदानावर आला म्हणून त्याच्या नियंत्रकातली फट लहान होत नाही. उलट ज्याचे सारे पीक एका पंपावर आहे, त्याला तो बंद पडण्याची झळ अधिक बसते. आणि ज्याला वकिलाचा खर्च झेपत नाही, त्याला भक्कम नोंदीची गरज अधिक असते. मोबाइल स्टार्टरमध्ये कोणत्या क्रमांकावरून मोटर चालू व्हावी हे ठरवून देण्याची सोय बहुधा असते. ती वापरली नाही, तर ज्याला स्टार्टरचा क्रमांक ठाऊक आहे असा कोणीही भर रात्री मोटर चालू-बंद करू शकतो. हा प्रश्न सिंचनाचाच आहे.

दुसरा आक्षेप असा की हे काम पोलिसांचे आणि प्रयोगशाळांचे. सामान्य माणसाने त्यात पडू नये. यंत्रणा आहे यात शंका नाही. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे जाळे आहे, वाशिमसाठी जवळची प्रादेशिक प्रयोगशाळा अमरावतीला आहे, आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे आणि झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि ग्रामीण ठाण्यांत असे हात मोजकेच. शिवाय प्रयोगशाळा जे नोंदलेच गेले नाही ते निर्माण करू शकत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या थांबल्या. पुढे रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीच्या अहवालानंतर १ मार्च २०२१ रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे सायबर घातपाताची शक्यता मांडली. तर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चुकीचे असल्याचे सांगितले. राज्य आणि केंद्र यांच्या हाती सारी साधने असताना कारणाविषयी एकमत झाले नाही. एवढ्या मोठ्या घटनेत हे होते, तर ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्याबाबत सारा भार प्रयोगशाळेवर टाकणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो खर्चाचा नाही. यंत्रांनी सर्व काही लिहून ठेवावे, नोंदी जपाव्यात, असे म्हणणारा माणूस नकळत पाळतीच्या राज्याची वकिली करत नाही ना? मीटरच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदीवरून घरी कोणी आहे की नाही हे ओळखता येते. चौकातल्या कॅमेऱ्यावरून कोण कोणाकडे गेले हे कळते. ही भीती खरी आहे. तिचे उत्तर सुरक्षेचा आग्रह सोडण्यात मात्र नाही, कारण असुरक्षित यंत्रही पाळत ठेवतेच, फक्त कोणासाठी ते मालकालाही माहीत नसते. उत्तर मर्यादेत आहे. किती दिवस ठेवायचे, कोणी पाहायचे, पाहणाऱ्याची नोंद कुठे होणार आणि मुदत संपल्यावर ते पुसले जाणार की नाही, हे आधी ठरवणे हा सुरक्षेचाच भाग आहे. नोंद नागरिकाच्या बाजूनेही बोलते हे विसरता कामा नये. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि फुटेज अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपायला सांगितले, ते कोठडीतल्या माणसाच्या रक्षणासाठी. तिथला कॅमेरा ‘नेमका त्या दिवशी बंद’ असेल, तर ती तांत्रिक त्रुटी म्हणून सोडून देता येत नाही. ज्या प्रश्नांची सरबत्ती आपण दुकानदाराच्या डीव्हीआरवर करतो, तीच ठाण्याच्या डीव्हीआरवरही करता आली पाहिजे.

उरला खर्च. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या चाचण्या पार न केलेल्या नव्या कॅमेऱ्यांना विक्रीचा रस्ता बंद केला. घरगुती वापराच्या यंत्रांसाठी दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्येच आचारसंहिता दिली आहे, आणि तिचा पहिला नियम सर्व यंत्रांना एकच पासवर्ड नसावा हा आहे. हे स्वागतार्ह आहे, पण हे नियम पुढे येणाऱ्या यंत्रांना आवरतात. वाशिमच्या भिंतींवर आधीच लागलेले कॅमेरे जसेच्या तसे आहेत. त्यांच्यासाठी जे करायचे त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पासवर्ड बदलणे, गरज नसेल तर बाहेरून पाहण्याची सोय बंद ठेवणे, महिन्यातून एकदा घड्याळ तपासणे, बसवणाऱ्याकडे राहिलेला ॲडमिनचा ताबा स्वतःकडे घेणे, यांत पैसा नव्हे, जबाबदारी लागते. आणि नेमकी तीच कोणाच्या नावावर लिहिलेली नसते. कॅमेरे लावल्याचे फलक लागतात, उद्घाटने होतात, पण सहा महिन्यांनी पासवर्ड कोणाला ठाऊक आहे असे विचारले तर उत्तर मिळेलच याची खात्री नसते.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने हा धागा हाती ठेवावा. त्यांत यंत्रांची रचना आहे, हल्ल्यांचे प्रकार आहेत, जप्तीची पद्धत आणि कायद्याची कलमे आहेत. पण त्या साऱ्यांचा कस एकाच जागी लागतो. या यंत्राने उद्या साक्ष दिली, तर ती उलटतपासणीत टिकेल का? सरपंच आणि ग्रामसेवकांना माझी विनंती आहे की पुढच्या कॅमेरा खरेदीच्या ठरावात चार ओळी वाढवाव्यात: पासवर्ड कोणाच्या ताब्यात राहील, घड्याळ कोण तपासेल, फुटेज किती दिवस राहील आणि मागणी आल्यास प्रमाणपत्रावर सही कोण करील. वकिलांनी समोर आलेल्या प्रत्येक क्लिपचे हॅश मूल्य मागावे, मग ती आपल्या पक्षाची असो की विरुद्ध पक्षाची. दुकानदाराने घटना घडताच डीव्हीआर बंद न करता त्यावरची वेळ आणि खरी वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि पोलिसांना त्याच दिवशी कळवावे. शेतकऱ्याने पंपाची आणि मीटरची नोंद लेखी मागावी आणि मागितल्याची पोच जपून ठेवावी. यांतले एकही काम अभियंत्याची पदवी मागत नाही, आणि यांतले कोणतेही काम वेळ टळून गेल्यावर मागे जाऊन करता येत नाही.